अब्बांची वाट

पिंगळी हे परभणी आणि पूर्णा यांच्या मधले रेल्वे स्टेशन. याच गावात माझे बालपण गेले.

तेव्हा मी नववीत होतो. विज्ञानाच्या तासाला सरांनी अंतर आणि विस्थापन शिकवले. आपण प्रत्यक्ष चाललो त्या वाटेची लांबी म्हणजे अंतर. निघालो त्या ठिकाणापासून पोहोचलो त्या ठिकाणापर्यंतची सरळ रेषा, तिच्या दिशेसह, म्हणजे विस्थापन. सर म्हणाले, "आपल्या रोजच्या जाण्यायेण्यातले एक उदाहरण लिहून आणा."

मी आमच्या शेताची वाट निवडली. घरापासून पूर्वेला 400 मीटर गाडीवाट. तिथून काटकोनात वळून दक्षिणेला 300 मीटर बांध. अंतर 700 मीटर. पायथागोरसच्या प्रमेयाने विस्थापन आले आग्नेयेकडे 500 मीटर. आणि अब्बा शेतात जाऊन घरी परतले की अंतर 1400 मीटर, विस्थापन मात्र शून्य!

संध्याकाळी अब्बा आले. मी हसत म्हणालो, "अब्बा, दिवसभर राबलात, पण तुमचे विस्थापन शून्य!" मग त्याचा अर्थही सांगितला. अब्बा काही बोलले नाहीत. ओसरीच्या कडेला बसून पायाला चिकटलेली काळी माती काडीने काढत राहिले.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी अब्बांबरोबर शेताकडे निघालो. रात्री पाऊस झाला होता. पाऊल उचलले की चपलेबरोबर चिखलाचा गोळा वर येई. मी वैतागून म्हणालो, "अब्बा, मधून सरळ गेलो तर 200 मीटर वाचतील."

"मध्ये शेजाऱ्याचा मूग उगवला आहे, बेटा," अब्बा म्हणाले. "आपली वाट वाचावी म्हणून त्याचे पीक तुडवायचे?"

मला कालचे हसणे आठवले. माझी मान खाली गेली.

शाळा भरली तेव्हा मी हे सगळे वर्गात सांगितले. सर म्हणाले, "विस्थापन फक्त आरंभ आणि शेवट पाहते. वाटेत काय घडले, ते त्यातून कळत नाही. पृथ्वी वर्षभरात सूर्याभोवती सुमारे 94 कोटी किलोमीटर फिरते. सूर्यावरून पाहिले तर ती पुन्हा जवळजवळ त्याच जागी येते. पण त्या एका फेरीतच पेरणी होते आणि खळ्यावर रास पडते."

वहीतले माझे उत्तर बरोबर होते. सरांनी त्यावर खूण केली.

त्या संध्याकाळी अब्बा शेतातून परतले. मी तांब्या घेऊन पुढे गेलो आणि त्यांच्या पायांवर पाणी घातले.