ओकिनावाची दैनंदिनी : टोफू यायची वेळ

सोमवार, नाहा

सामान खोलीवर टाकलं आणि थेट ‘सान-ए’ गाठलं. ही ओकिनावाचीच दुकानसाखळी. नव्या गावात मी आधी बाजारात शिरते, आणि इथल्या घरांचा रोजचा बाजार सुपरमार्केटातच होतो.

दारातच कारल्यांचा ढीग. इथे त्यांना गोया म्हणतात. आपल्या कारल्यापेक्षा जाड, बुटकी, बोथट खवल्यांची. एके काळी ही कारली जपानच्या मुख्य भूमीवर न्यायला बंदी होती, कारण त्यांतली फळमाशी तिकडे पोचली असती. वांझ केलेल्या अब्जावधी माश्या वर्षानुवर्षं सोडून १९९३ साली ओकिनावाने ती माशी संपवली. तेव्हा कुठे गोयाला वाट मोकळी झाली.

पुढे डबाबंद पोर्कची अख्खी भिंत. १९७२ पर्यंत इथे अमेरिकेचा अंमल होता, तेव्हाची ही सवय. जवळच कोम्बूच्या जुड्या. हे समुद्री शेवाळ उत्तरेकडच्या होक्काइदोचं, इथल्या समुद्रात उगवतही नाही. पण र्‍युक्यू राज्याच्या काळात चीनला जाणारा कोम्बू या बेटांवरून जायचा, आणि जाता जाता इथल्या स्वयंपाकात कायमचा राहिला.

मंगळवार, नाहा

आजचा दिवस टोफूचा. टोफूच्या कप्प्यावर पाटी होती: कुठल्या कारखान्याचा माल किती वाजता येणार. वेळ झाली तशी माणसं जमू लागली. ट्रे आले. प्लास्टिकच्या पिशव्यांत विटेएवढे पांढरे ठोकळे, पिशव्यांची तोंडं नुसती दुमडलेली, आत वाफेचे थेंब. एक पिशवी उचलली, तर तळव्याला चटकाच बसला. शेजारच्या आजींनी मला हाताने खुणावलं, खालून धर.

हा शिमा-दोफू. सोयाबीन भिजवून कच्चंच वाटायचं, पिळून दूध काढायचं आणि मग उकळायचं. पूर्वी ते समुद्राच्या पाण्याने साकळवत, म्हणून अंगचीच खारट चव. ओकिनावा जपानकडे परत आलं तेव्हा जपानचा नियम होता, टोफू पाण्यात गार करूनच विकायचा. इथल्या टोफूवाल्यांनी लावून धरलं आणि १९७४ साली गरम विकायची मुभा मिळवली. २०२१ मध्ये आरोग्याचे नियम पुन्हा कडक झाले. तापमान ५५ अंशांच्या खाली उतरलं की घड्याळ सुरू. तीन तासांत टोफू खाऊन तरी संपवायचा, नाहीतर गार तरी करायचा. लहान कारखान्यांना हे झेपणं कठीण, त्यामुळे गरम टोफू कमी होत चालला आहे. मला याचं फार वाईट वाटतं. गार टोफू कुठेही मिळतो. हा गरम टोफू कारखाना जवळ असेल तरच मिळतो.

खोलीवर येऊन अर्धा तसाच खाल्ला, वर काही न घालता. उरलेला हाताने मोडून तव्यावर लालसर परतला, त्यात पातळ चिरलेलं गोया, पोर्कचे तुकडे, शेवटी अंडं. गोया चांपुरू. कारल्याचा कडूपणा राहिला, पण टोफूने त्याला सांभाळून घेतलं.

बुधवार, नाहा

उमिबुदो घेतलं. हिरव्या मण्यांच्या घोसासारखं शेवाळ, दाताखाली टचकन फुटतं. ते फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, थंडीने मणी आकसतात.

मग काळ्या साखरेचा कप्पा. माझं आजोळ कोल्हापूरकडचं. हा गूळच आहे हे वासानेच कळलं. आठ बेटांवर तो बनतो आणि पाकिटावर बेटाचं नाव असतं. हातेरुमाचा आणि तारामाचा शेजारी ठेवून खाल्ला, दोन्हींची चव अगदी वेगळी. आपल्याकडच्या गुळाच्या ढेपेवरही गावाचं नाव असायला हवं, असं मनापासून वाटलं.

त्या आठांतलं इए बेट भुईमुगासाठीही प्रसिद्ध आहे. शेंगदाण्याच्या दुधात रताळ्याचं पीठ शिजवून इथे जिमामी-दोफू करतात. उद्या मोतोबूपर्यंत बस आणि पुढे अर्ध्या तासाची बोट. तिथल्या दुकानातली शेंग कशी आहे, ते पुढच्या भागात.