गिळलेली चूक

सहलीच्या वर्गणीची वही मी जशीच्या तशी संगणकावर उतरवली. देवनागरी ‘२००’ पायथॉनला समजतं. पण एका ओळीत अक्षरी ‘दोनशे’ होतं. तिथं ‘व्हॅल्यूएरर’ म्हणत स्वारी अडून बसली. कंटाळून मी ‘एक्सेप्ट’खाली ‘पास’ लिहिलं. म्हणजे चूक दिसली तरी पुढं चल! कुरकुर थांबली, ती ओळही गळली.

सगळ्यांदेखत मी मैत्रिणीकडे पैसे मागितले. तिनं मुकाट्यानं पुन्हा दिले. रात्री वही उघडली, तर ‘दोनशे’ तिच्याच अक्षरातलं!

आता मी फक्त ‘व्हॅल्यूएरर’ पकडते, ओळीचा क्रमांक छापते. पैसेही परत केले. ‘चुकलं माझं’ मात्र घशातच राहिलं. ते इथं, सगळ्यांदेखत, लिहिते आहे.