कार्तिकातली वाट

आमच्या पेडणे-डिचोलीकडची थंडी पाहुण्यांना मुद्दाम दाखवावी लागते. पारा वीस अंशांच्या आसपास उतरला की आम्ही कानटोप्या शोधू लागतो, हे वाचून इंदूर-ग्वाल्हेरकडील वाचकांना हसू आल्यावाचून राहणार नाही. पण चार महिने पावसात भिजून चिंब झालेल्या भूमीला कार्तिकातली ही कोरडी, हलकी हवा केवढा दिलासा देते, हे इथे राहणाऱ्यालाच ठाऊक! भात कापून घरात आलेले असते. अंगणातील शेवाळ खरवडून, नवी माती पसरून, चोपण्याने चोपून ते सारवले जाते आणि त्या नव्या अंगणात कार्तिक द्वादशीला तुळशीचे लग्न लागते. ऊस, चिंच-आवळ्याच्या डहाळ्या आणि दिंड्याची काठी एवढ्या सामग्रीवर आमचा हा सोहळा साजरा होतो.

आमच्या घरी अंतरपाटापाशी अजून आईच उभी राहते. वयाची ऐंशी वर्षे उलटली, तरी मंगलाष्टकांत ती अडखळत नाही. दिवसभर ती बोलते कोकणी. मंगलाष्टके, आरत्या, हरिपाठ मात्र मराठीत. यात काही विसंगती आहे असे तिला आयुष्यात कधी वाटले नाही. चुलीपाशी एक भाषा आणि देवापाशी दुसरी, दोन्ही आपल्याच, ही आमच्याकडची जुनी रीत आहे. हा मुलूख अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांच्या सत्तेखाली होता. पेडणे पोर्तुगिजांकडे गेले ते १७८८ साली. विरनोडा येथील सरकारी महाविद्यालयाला ज्यांचे नाव दिले आहे, ते नाथपंथी संतकवी सोहिरोबानाथ आंबिये याच परिसराशी नाते असलेले. त्यांच्याही आधी, १६१६ साली, फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याला ‘क्रिस्तपुराण’ छापावेसे वाटले ते मराठीतच. पुढे १९८७ च्या कायद्याने कोकणी ही राजभाषा झाली, तसेच शासकीय व्यवहारात मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. वर्तमानपत्रांतून या प्रश्नावर अजून धग असते. आईच्या अंगणात ती पोहोचलेली नाही.

तुळशीच्या लग्नानंतर घराची दिनचर्या पालटते. पहाटे पोदेराच्या सायकलीचा भोंगा ऐकू येतो, तेव्हा माडांच्या झावळ्यांवरून दंव ठिबकत असते. न्याहारीला कुणी पाव घेते, कुणी उकड्या तांदळाची पेज आणि लोणचे. भात निघालेल्या शेतांत वाफे आखले जातात. तांबडी भाजी, मुळा, मिरची, अळसांदे यांची लावणी होते. हरमलची मिरची आता नावाजली आहे. पण तिच्या रोपांना सकाळ-संध्याकाळ कळशीने पाणी घालणाऱ्या बायकांचे हात मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

साडेसहाला मी स्कूटर काढतो. माझी शाळा डिचोली तालुक्यात. धारगळ ओलांडून कोलवाळच्या पुलावर आलो की शापोरा नदीवर धुक्याचा असा थर पसरलेला असतो, की पाणी कुठे संपले आणि काठ कुठे लागला ते उमजत नाही. पुढे थिवी, अस्नोडा आणि मग डिचोली. मोपाच्या पठारावरून जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागल्यापासून या महामार्गावर पहाटेच्या प्रहरीही मोटारींची रांग असते. पूर्वी अस्नोड्यापलीकडे खनिजाच्या ट्रकांची रांग असे आणि रस्त्याकडेच्या झाडांची पाने बारा महिने तांबडी दिसत. २०१२ साली खाणी थांबल्या, काही काळाने सुरू झाल्या, २०१८ साली पुन्हा बंद पडल्या. अलीकडे लिलावानंतर त्या थोड्याथोड्या सुरू होत आहेत. दरम्यान किती घरांतली चूल कशी पेटली, हे शाळेच्या हजेरीपटावरून मला कळत असे.

गेल्या वर्षीच्या मार्गशीर्षात असाच एक पालक शाळेत आला. एकेकाळचा ट्रकचालक, आता विमानतळावर टॅक्सी चालवणारा. मुलगा आमच्याकडे पाचवीत. धाकटी मुलगी गावच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत पहिलीला. तिला शहरातल्या इंग्रजी शाळेत घालायचे त्याने ठरवले होते. त्या पहिलीच्या वर्गात मुले तीनच. ही गेली की दोन उरणार. माझे मत त्याला हवे होते, की माझी संमती, कोण जाणे! बोलता बोलता तो म्हणाला, “सर, मराठी शिकून पोट भरता?”

तीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या माणसाला हा प्रश्न काही नवा नव्हता. पोट भरेल असे मी त्याला सांगू शकत नव्हतो. ज्याची रोजी एका आदेशासरशी गेली, त्याच्यापुढे भाषेच्या थोरवीवर प्रवचन करणे मला शोभले नसते. मी एवढेच म्हटले, “शनिवारी तुमच्या गावची जत्रा आहे. मुलगा काम करतो आहे ना? मग रात्री या.”

जत्रेच्या रात्री सातेरीच्या देवळापुढे दशावतार होता. कार्तिकापासून वैशाखापर्यंत सिंधुदुर्गातील मंडळ्या आमच्या भागात गावोगाव फिरतात. पूर्वी नट डोक्यावर पेटारा घेऊन चालत येत, आता टेम्पोने येतात. पण खेळाची रीत तीच. आधी गणपती, रिद्धिसिद्धी, संकासुर; मग पेटी, पखवाज आणि झांजांच्या साथीने उत्तररात्रीपर्यंत आख्यान. लिहिलेली संहिता नसते. कथा ठाऊक असते, संवाद तिथल्या तिथे सुचवायचा. संकासुर मालवणीत हसवतो, राजा-राणी मात्र भारदस्त मराठीत बोलतात. त्या रात्री हरिश्चंद्राचे आख्यान होते आणि रोहिदासाच्या भूमिकेसाठी मंडळीने गावातला मुलगा घेतला होता. तोच हा, वर्गात धडा वाचताना प्रत्येक जोडाक्षरापाशी थांबणारा.

तारामतीचे काम करणाऱ्या मुरब्बी नटाने ऐन वेळी ठरल्याबाहेरचा प्रश्न टाकला, “बाळा, राज्य गेले, आता तुला भूक लागली तर मी काय देऊ?” मुलगा क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, “माते, बाबांनी शब्द दिला आहे. माझी भूक त्या शब्दापेक्षा मोठी नाही.” समोरच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. टॅक्सी रस्त्याकडेला लावून, गणवेशाचा शर्ट न उतरवता, त्याचा बाप गर्दीच्या कडेला उभा होता. आम्ही एकमेकांना पाहिले; बोललो काहीच नाही.

मुलगी नव्या वर्षी शहरातल्या शाळेत गेली. शाळेची गाडी दारात येते, आई कामाला जाते, या गोष्टी एका रात्रीच्या आख्यानाने बदलत नाहीत. पण गाडी सुरू झाली त्या आठवड्यात तो पुन्हा माझ्याकडे आला. पोरीसाठी मोठ्या अक्षरांची मराठी गोष्टींची पुस्तके हवी होती आणि ती दर पंधरवड्याला तो बदलून नेणार होता. “भावाबरोबर वाचील,” म्हणाला. तेव्हापासून तो पंधरवडा चुकलेला नाही. पुस्तकाच्या पानांना कधी शेंगदाण्याचा, कधी तेलाचा वास येतो, त्यावरून ते उघडले गेले हे समजते.

गावच्या शाळेत पहिलीच्या त्या वर्गातली दोन मुले आता दुसरीत आहेत. तिची पुढे काय गत होईल, या चिंतेने माझ्यासारख्याला रात्री जाग येते, हे खरे. शाळा मिटली की भाषेच्या पायाखालची एक पायरी निखळते आणि तिची जागा जत्रा भरून काढू शकत नाही. जत्रेने ऐकू येते, बोलता येते. लिहिता-वाचता येण्यासाठी मात्र बाकावरच बसावे लागते. पण ज्या मुलाने ती भाषा रात्रभर कानांनी प्यायली आहे, त्याला बाकावर बसवणे सोपे जाते, हे मी रोज अनुभवतो आहे. महाराष्ट्राबाहेर दोन-दोन, तीन-तीन पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांतून मुलांच्या मराठीविषयी जे बोलले जाते, त्यात मला एवढीच भर घालावीशी वाटते. पुस्तक हातात देण्याआधी तुळशीचे लग्न, आरती, एखादे नाटक, आजीचे बोलणे असे काही मुलांच्या कानांवर पडू द्यावे, आणि नंतर पुस्तक द्यायला विसरू नये.

यंदाच्या जत्रांच्या तिथी मी शाळेच्या फलकावर लावल्या आहेत. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग पेंगतो. त्या दिवशी मी नवा धडा घेत नाही. मुलांना रात्रीचे आख्यान आधी तोंडी सांगायला लावतो आणि मग वहीत लिहायला. संकासुराचे विनोद सांगताना सगळ्यांची झोप उडते. लिहिताना जोडाक्षरे चुकतात, ती मी तांबड्या शाईने दुरुस्त करतो, आणि तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा होते.