घाटातले दोन मुक्काम

"चांगलं घर असताना रानात निजायचं?" सासूबाईंनी विचारलं. त्यांचं काही चूक नव्हतं. जुलै २०२१ च्या पुरात महाडला आमच्या तळमजल्यात पाणी शिरलं, तेव्हा आम्ही सगळी चार रात्री लोकांच्या घरी निजलो होतो. तेव्हापासून घराबाहेर झोपणं म्हणजे त्यांना संकटच वाटतं.

खूळ आमच्या चिरंजीवांचं. त्यानं मोबाइलवर ताजिकिस्तानातल्या पामीर महामार्गाची दृश्यं दाखवली. लोक गाडीत चूलबोळकी आणि अंथरुणं घालून आठवडेच्या आठवडे हिंडतात, ४६५५ मीटर उंचीची अक-बैताल खिंड ओलांडतात, अन् सांज झाली की तिथंच तंबू ठोकतात! मी शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते. पामीर म्हणजे जगाचं छप्पर, हे फळ्यावर कितीदा लिहिलं असेल. पण माझ्या मनात भलतंच आलं. जिनं माझे डाळतांदळाचे डबे वाहून नेले, ती सावित्री येते तरी कुठून? पंधरा वर्षं महाडला नांदते आहे. महाबळेश्वरला दोनदा जाऊन आले, पण घाटात गाडी थांबली ती कुणाला तरी उलटी झाली म्हणूनच.

२०२२ च्या डिसेंबरात, नाताळच्या सुटीत भाऊजींची जीप मागून घेतली. वरंध घाटानं चढायचं, भोर-वाईवरून महाबळेश्वर गाठायचं आणि आंबेनळी घाटानं पोलादपूरला उतरायचं. माझी एकच अट होती: रात्रीचा स्वयंपाक मी करणार नाही. "त्यात काय मोठंसं!" हे म्हणाले.

मैत्रिणींनो, कधी निघालात तर दोन गोष्टी विसरू नका. खिचडीचे डाळतांदूळ घरूनच एकेका वेळेचे मापून पुड्या बांधा, आणि आडोशाला एक जुनं नऊवारी लुगडं घ्या. बायकांची खरी अडचण कोणती, ते पामीरवाले दाखवत नाहीत. पावसाळ्यात वरंध घाट पुष्कळदा बंद ठेवतात, तेव्हा आधी चौकशी करून निघावं.

पहिला मुक्काम घाटाच्या पायथ्याशी, महाडपासून जेमतेम पंचवीस-तीस किलोमीटरवर झाला. भात झोडून मोकळी झालेली खाचरं होती. जवळच्या घरी विचारलं, तर घरधनीण म्हणाली, "निजा की. पन शेकोटी गवतापास्नं लांब करा." ह्यांनी पिठलं केलं. त्यात गुठळ्याच जास्त, तरी मुलं तीनतीनदा मागून जेवली!

रात्री ती बाई शेकोटीशी येऊन बसली. तळिये इथलंच, महाड तालुक्यातलं. २२ जुलै २०२१ ला तिथं दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. "तवापासून लई पाऊस लागला की आमी घरात निजत न्हाय," ती म्हणाली. "साळंत जाऊन बसतो." त्याच दिवशी आमच्या घरात पाणी होतं. माझे डबे गेले, हे मी तिला सांगणार होते. नाही सांगितलं.

थंडी अशी की दोन गोधड्या पुरेनात. डोंगराचा काळा आकार डोक्याशी. मला पहाटेपर्यंत झोप नाही. मुलं मात्र ढाराढूर.

सकाळी घाट चढलो. कावळ्या किल्ल्याच्या खिंडीत वाघजाईचं देऊळ आहे. तिथली गरम भजी खाल्ली आणि पलीकडे उतरलो. गंमत बघा, खिंडीच्या अलीकडचा पाऊस सावित्रीतून अरबी समुद्राला मिळतो, पलीकडचा नीरेतून भीमा, भीमेतून कृष्णा करत थेट बंगालच्या उपसागराला! वाईला मावशींकडे एक रात्र काढली. गादीवर झोपलो, म्हणून ती मुक्कामात धरत नाही.

जुन्या महाबळेश्वराला पंचगंगेच्या देवळात दगडी गोमुखातून पाणी पडतं. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाचही नद्यांचा उगम तिथला मानतात. धार मनगटाएवढीसुद्धा नाही. मी हात धरून उभी राहिले. मागची माणसं "बाई, पुढं व्हा" म्हणू लागली तेव्हा भानावर आले. मग आर्थर सीटवरून ते खोल खोरं पाहिलं. एवढ्या उतारांवरचा पाऊस एका पात्रात यायचा, तर आमचा तळमजला कसा कोरडा राहील?

आंबेनळी उतरताना सगळे गप्प होतो. २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या मंडळींची सहलीची बस इथंच दरीत कोसळली आणि एकच जण वाचला. हे दुसऱ्या गियरवर हळूहळू उतरवत होते.

वाट वाकडी करून उमरठला गेलो. तानाजी मालुसऱ्यांची समाधी तिथं आहे, शेलारमामांचीही. गावात विचारून एका अंगणात ताडपत्री पसरली. खिचडी लेकानं केली, खाली लागली. त्या रात्री मात्र मला झोप लागली, अगदी कोंबडा आरवेपर्यंत.

घरी येताना महाडजवळचा सावित्रीचा पूल लागला. इंग्रजांच्या वेळचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला, दोन एसटी गाड्यांसकट. आताचा २०१७ मध्ये झाला. खाली पाणी घोट्याएवढं, बायका धुणी धूत होत्या.

सासूबाईंना गोमुखाच्या पाण्याची बाटली दिली. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली. "हीच का ती? हिनंच घर धुऊन नेलं होय!" म्हणाल्या. मग हळदकुंकू लावून बाटली देवापाशी ठेवली. खाली नाही, सगळ्यांत वरच्या फळीवर.