चार अंडी

कबुतर हा पक्षी मला कधीच आवडला नाही. मोराचा डौल त्याच्यापाशी नाही, पोपटाची हुशारी नाही आणि चिमणीची लाघवी लगबगही नाही. सारा दिवस घशातल्या घशात घुमत राहावे आणि ज्या घराच्या आश्रयाने राहायचे तेच घाण करून ठेवावे, एवढाच काय तो त्याचा उद्योग! म्हणून गेल्या फाल्गुनात आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, वीतभर रुंदीच्या सज्ज्यावर, एका जोडप्याने काटक्या टाकून संसार मांडला तेव्हा जाळीवाल्याला बोलावण्याचा बेत मी तत्काळ जाहीर केला. परंतु "अंडी घातलीत, आता नको" असा निकाल स्वयंपाकघरातून मिळाला. जे हाकलता येत नाही त्याचे निदान निरीक्षण तरी करावे, अशा विचाराने मी रोज सकाळी चहाचा पेला घेऊन खिडकीशी बसू लागलो.

पाहता पाहता त्या दोघांना मी नावेही ठेवली. छाती फुगवून कठड्यावर बसणारा व विशेष काही न करणारा तो रावसाहेब, आणि घरट्यात बसलेली ती बाईसाहेब. काही तासांनी दोघे जागा बदलीत. मग माझा थोडा गोंधळ होई. परंतु जो रिकामा तो रावसाहेब हा माझा सिद्धांत अढळ होता. "एवढे बारकाईने पाहता, तर अंडी किती आहेत तेही मोजा की!" असे पत्नीने एके दिवशी सुनावले, म्हणून मान वाकवून पाहिले. अंडी चार होती.

कबुतराची मादी एका खेपेस दोन अंडी घालते, एवढे प्राणिशास्त्र मलाही ठाऊक होते. तेव्हा ही शंका घेऊन मी पेठेतल्या एका म्हाताऱ्या चाचांकडे गेलो. त्यांचा जन्म कबुतरांची ढाबळ सांभाळण्यात गेलेला. माझे सारे वर्णन त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मास्तर, तुमचे रावसाहेब तिथं नाहीतच. दोघी माद्या आहेत. दोघींनी दोन-दोन घातली. बसतील इमानानं, पण त्यातनं काही निघायचं नाही."

"असं होतं?" मी विचारले.

"होतं की!" चाचा म्हणाले, आणि धान्याची पाटी घेऊन उठले. यंदा आंबा उशिरा आला हे सांगताना माणसाचा जो स्वर असतो तोच त्यांचा होता.

मी पुस्तकी माणूस. चाचांचे समाधान झाले, माझे झाले नाही. शोधू लागलो तेव्हा कळले की ही गोष्ट ॲरिस्टॉटलने सुमारे २३०० वर्षांपूर्वीच लिहून ठेवली आहे. नर नसला म्हणजे कबुतराच्या माद्या आपापसांत जोडी करतात, अंडीही घालतात, पण ती उबत नाहीत, अशा अर्थाचे त्याचे निवेदन आहे. त्यात संकोच नाही की धिक्कार नाही. चाचांचा आणि ॲरिस्टॉटलचा स्वर एकच पाहून मला मोठी गंमत वाटली.

हा स्वर पुढच्या विद्वानांना मात्र टिकवता आला नाही. कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुवाकडील मोहिमेत जॉर्ज मरे लेव्हिक नावाचे एक शल्यवैद्य होते. १९११-१२ च्या उन्हाळ्यात केप अडेर येथे राहून त्यांनी अडेली पेंग्विनांचे बारकाईने निरीक्षण केले. नरांचा नरांशी समागम त्यांना दिसला. त्याहून विचित्र असेही पुष्कळ दिसले. सद्गृहस्थ हादरले. वहीतला असा काही मजकूर त्यांनी ग्रीक लिपीत लिहिला; उद्देश हा की भलत्यासलत्याच्या हाती वही पडली तरी त्याला तो वाचता येऊ नये. १९१४ मध्ये पेंग्विनांवरचे त्यांचे पुस्तक निघाले, त्यातून हा भाग वगळला गेला. १९१५ मध्ये त्याच्या अवघ्या शंभर प्रती 'प्रसिद्धीसाठी नव्हे' असा शिक्का मारून खाजगी रीतीने छापण्यात आल्या. जगापुढे ते टिपण आले २०१२ मध्ये, म्हणजे जवळजवळ एका शतकानंतर. लेव्हिक खोटे बोलले नाहीत. त्यांनी काही ओळी फक्त गाळल्या.

दुसरी गोष्ट हवाई बेटांतली. ओआहू बेटाच्या काएना टोकावर लेसन आल्बट्रॉस हे मोठे समुद्रपक्षी घरटी करतात. मादी वर्षाला एकच अंडे घालते. ते सुमारे दोन महिने उबवावे लागते, आणि एक जण अंड्यावर बसला की दुसऱ्याने दूर समुद्रावर अन्न शोधायला जायचे, असा क्रम असतो. एकट्याचे ते काम नव्हे. नर-मादी दिसायला सारखेच. त्यामुळे पाहणारा प्रत्येक जण माझ्यासारखाच आपल्या मनाने एकाला रावसाहेब ठरवून मोकळा होई. अखेर लिंडसे यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पक्ष्यांची आनुवंशिक तपासणी केली व २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: शंभरांतल्या एकतीस जोड्या दोन माद्यांच्या होत्या! तेथे नरांपेक्षा माद्या अधिक. अशा जोडीतली मादी एखाद्या नराकडून, पुष्कळदा दुसरीकडे संसार असलेल्या नराकडून, गर्भ घेई आणि अंडे मात्र मैत्रिणीबरोबर उबवी. नर-मादीच्या जोडीइतकी पिल्ले त्यांच्या हातून वाढत नसत. परंतु मुळीच न वाढण्यापेक्षा ती पुष्कळच होती. त्यांतल्या कित्येक जोड्या वर्षानुवर्षे टिकल्या. कॅलिफोर्नियाजवळच्या सांता बार्बारा बेटावरील कुरव पक्ष्यांत अशाच जोड्या असल्याचे हंट दांपत्याने १९७७ मध्येच दाखवून दिले होते.

येथे एक सावधगिरी घेतली पाहिजे. पक्षी हे आपले गुरू नव्हेत. कोकिळा आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात टाकते म्हणून मातृत्वाचा तो आदर्श कोणी मानीत नाही. न्यूयॉर्कच्या एका प्राणिसंग्रहालयात रॉय आणि सायलो या दोन नर पेंग्विनांनी मिळून एक पिल्लू वाढवले. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले, त्यांच्यावर मुलांसाठी पुस्तक लिहिले. आणि पुढे सायलो एका मादीबरोबर निघून गेला! आपल्या गोष्टीचा शेवट गोड करण्याची जबाबदारी पाखरांवर नाही. तेव्हा पाखरे असे करतात म्हणून ते योग्य, हा युक्तिवाद लंगडा आहे. परंतु 'हे निसर्गातच नाही' हे विधान नीतीचे नव्हे, वस्तुस्थितीचे आहे. आणि वस्तुस्थिती म्हणून ते खोटे आहे. १८६० च्या आपल्या दंडसंहितेत 'निसर्गक्रमाविरुद्ध' हे शब्द होते. त्या शब्दांच्या धाकाखाली दीडशेहून अधिक वर्षे माणसे जगली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या संबंधांना त्यातून मोकळे केले. निसर्गाला मात्र त्या शब्दांचा पत्ता कधीच नव्हता.

हे सारे मी इतक्या अगत्याने का वाचीत बसलो, हे आता सांगितले पाहिजे.

माझी थोरली मावशी मुलींच्या एका शाळेत गणित शिकवीत असे. तिने लग्न केले नाही. त्याच शाळेत संस्कृत शिकविणाऱ्या एका बाईंबरोबर ती एका वाड्यातल्या दोन खोल्यांत राहिली, एकतीस वर्षे. आम्ही मुले दोघींनाही मावशीच म्हणत असू. एक थोरली, दुसरी धाकटी. दोघींचा पगार एकाच डब्यात पडे. थोरलीला दमा होता. रात्री धाप लागली की धाकटी उठून पाणी तापवी आणि उजाडेपर्यंत तिची पाठ चोळीत बसे. "एकीला दुसरीचा आधार हो!" असे नातेवाईक म्हणत, आणि विषय तेथेच संपे. त्या नात्याला नाव देणे हे माझे काम नव्हे. ते त्या दोघींचे होते.

१९८६ मध्ये थोरली मावशी गेली. घरातला लिहिणारा म्हणून वर्तमानपत्रातली निधनवार्ता माझ्याकडे आली. मी लिहिले, 'त्यांच्या पश्चात दोन भाचे, एक भाची व एक पुतण्या असा परिवार आहे.' धाकटीचे नाव गाळ, असे मला कोणी सांगितले नव्हते. माझी लेखणी आपण होऊनच तिला ओलांडून गेली. दहाव्याला ती शेजारणींबरोबर मागे बसली होती. तेराव्यानंतर खोल्यांची किल्ली मागायलाही मीच गेलो, कारण खोल्या थोरलीच्या नावावर होत्या. किल्ली माझ्या हातात ठेवून ती म्हणाली, "तिचा पोळपाट मी नेऊ का रे?"

"न्या ना!" मी मोठ्या उदार मनाने म्हणालो. ते औदार्य मला आजही टोचते. धाकटी मावशी भावाच्या गावी गेली. पाच वर्षांनी ती गेल्याचे पत्र आले.

खिडकीतल्या दोघी पुरे तीन आठवडे आळीपाळीने बसल्या. मग एके दिवशी चार थंड अंडी तशीच टाकून त्या उठल्या. मला उगीच चुटपुट लागली. चार-पाच दिवसांनी पाहतो तो एक काटकी चोचीत धरून येत होती आणि दुसरी ती मांडून घेत होती. जाळीवाल्याचा निरोप आला. त्याला मी तूर्त येऊ नको म्हणून कळवले आहे.

लेव्हिकांच्या गाळलेल्या ओळी छापायला शंभर वर्षे लागली. माझी ओळ एकच आहे, आणि तिलाही पुष्कळ उशीर झाला आहे. ती येथे लिहितो: थोरल्या मावशीच्या पश्चात धाकटी मावशी असा परिवार होता.