गाळ येतो कुठून?



पाणी हा पाठ शिकवताना मी दरवर्षी फळ्यावर नदी काढते. पण खरा नाला मला कळला तो स्वतःच्या चुकीमुळे. म्हणून आज लिहितेय.

घाटंजी तालुक्यात सासरची थोडी झाडोऱ्याची जमीन आहे. साग, पळस, मोहा आणि काठाला करंज. मधून नाला जातो, पुढे वाघाडीला मिळतो. मामाजी, म्हणजे माझे सासरे, सांगतात की पूर्वी होळीपर्यंत पाणी असायचं. आता गाळ इतका, की दिवाळीनंतर पाणी जागीच सडायचं. वर बेशरम माजलेली आणि डास!

डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार आलं तेव्हापासून खोलीकरण हा शब्द सगळ्यांच्या तोंडी. हट्ट मीच धरला, "मामाजी, जेसीबी लावू." दोन दिवसांत वळणं काढून नाला सरळ, खोल केला. फोटो स्टेटसलाही ठेवले. पहिल्याच मोठ्या पावसात उभे काठ ढासळले, मामाजींच्या वडिलांनी लावलेला करंज आडवा झाला आणि पाणी तर दोन तासांत पसार. मामाजी रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पोरी, पाणी थांबवाचं होतं का पळवाचं?"

(जाता जाता सांगते. नाला आपल्या शेतातून जातो म्हणून आपलाच असं नाही. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार, कुणाच्या मालकीचे नसलेले नाले सरकारचे असतात. आधी तलाठ्याला विचारायचं, हे मी नंतर शिकले.)

मग नाल्यातलं गढूळ पाणी बाटलीत भरून वर्गात ठेवलं. वाळू लगेच तळाला बसली, बारीक काळी माती दुसऱ्या दिवशीही पाण्यात होती. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, ही माती तं वावरातली आहे. मंग नाला कायले खोदला?"

मला उत्तर देता आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही वरून सुरुवात केली. उतारावरच्या घळींत दगड रचले, आमच्या वावरात उताराला आडवी पेरणी केली. नाल्यात फक्त दोन ठिकाणी घमेल्याने गाळ काढून डोह केले, काठ तिरपे ठेवले, सिंदी तशीच राहू दिली. गाळ वावरात पसरवला. ऑक्टोबरात सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून, तोंडं शिवून, विटांसारखे सांधे मोडत वनराई बंधारा घातला. मुलांनी १० मीटर दोरी मोजून वाळलेलं पान सोडलं. पान पोचायला ५० सेकंद लागले. म्हणजे सेकंदाला २० सेंटीमीटर. भागाकार त्या दिवशी कुणाचाच चुकला नाही!

यंदा संक्रांतीला डोहात पाणी होतं. होळीपर्यंत टिकलं नाही. वरच्या धुऱ्याचे काका अजून उताराच्या दिशेनेच पेरतात. मामाजी बोलून आले, मी दोनदा गेले. त्यांचा नातू यंदा माझ्या वर्गात आलाय. बाटलीचा प्रयोग पुन्हा घेणार आहे, आणि बाटली त्याच्याच हाती घरी पाठवणार आहे.