तेरावा महिना

उर्दू शाळेतली नोकरी सुटली, तसे संस्थेने आमच्या फोनचे बिल भरणेही थांबवले. नंबर संस्थेच्या नावावर. तो आमच्या नावे व्हायला तिचे संमतीपत्र मिळवावे लागले.

मग रिचार्जचा हिशोब मांडला. २८ दिवसांचा ‘महिना’ वर्षात १३ वेळा येतो. आमचा पगार १२ वेळाच येई, आता तोही नाही. ट्रायने २०२२ साली ३० दिवसांचाही प्लॅन ठेवायला लावला. डिसेंबर २०२४ मध्ये इंटरनेटविना, फक्त बोलणे व एसएमएसचे पॅक सक्तीचे केले, मुदत ३६५ दिवसांपर्यंत.

शेवटच्या पगारातून आम्ही तसाच वर्षाचा पॅक घेतला. इंटरनेटवाचून चालेल. पण एखाद्या मुलाच्या अम्मीने वहीतला नंबर लावून ‘सर, आता शिकवणी कुठे घेता?’ विचारले, तर घंटी वाजली पाहिजे. आमची रोजी आता त्या घंटीवरच आहे.